गटाच्या संमेलनासाठी पहिलाच मॉड्युलर रेल्वे बोर्ड करतोय. सुरुवात कुठून करू आणि लांबी-रुंदी किती ठेवू?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की एन स्केलमधला डोंगर, बोगदा आणि छोटं स्टेशन करून झालंय, आता शेजारच्या बोर्डांना जोडायची सोय तेवढी करायची राहिली आहे. ते वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

हे आधी कळस मग पाया झालं. मॉड्युलर बोर्ड म्हणजे छोट्या मॉडेल रेल्वेचा एक तुकडा, जो संमेलनात इतरांच्या तुकड्यांना जोडून सलग मार्ग होतो. त्याची सुरुवात दोन टोकांच्या फळ्यांपासून होते. मधे तुम्ही वाळवंट करा, गोदी करा, नुसतं माळरान ठेवा, कुणी विचारणार नाही. टोकाची फळी मात्र तुमची नसते, ती गटाची असते. तिच्यावर कला दाखवायची नाही.

कुठलं स्टँडर्ड घ्यावं हे गटाला विचारा, मला नको. एन म्हणजे गेज, दोन रुळांमधलं अंतर, 9 मिमी, तिथे प्रश्न मिटला, पण पुढे प्रत्येकाची चूल वेगळी. 1970च्या दशकात अमेरिकेत सुरू झालेल्या एनट्रॅकमध्ये पुढच्या कडेने तीन मुख्य मार्ग धावतात आणि बोर्ड साधारण 2 बाय 4 फुटांचा असतो. टी-ट्रॅक टेबलावर मांडायचं, काटोच्या युनिट्रॅक रुळांवर. त्यात लाकडी खोका 308 मिमीचा आणि वरचा रूळ 248 अधिक 62 म्हणजे 310चा. ते जास्तीचे दोन मिलिमीटर हेच त्यातलं खरं डोकं आहे: खोके एकमेकांना भिडायच्या आत रूळ जुळलेले असतात. युरोपातलं फ्रेमो 1981पासूनचं, आणि अमेरिकेतलं फ्री-मो 1990च्या दशकातलं. या दोन्हींत बोर्डाचा आकार कसाही चालतो, टोकं तेवढी ठरलेली. आमचा गट या पठडीतला, त्यामुळे पुढचं सगळं त्याच नजरेतून वाचा. गटातल्या चार जणांनी बसून ‘आपलं स्वतःचं स्टँडर्ड’ काढायचा घाट घातला असेल, तर तुमचा बोर्ड जन्मभर त्या चौघांच्याच बोर्डांना जुळेल, एवढं लक्षात ठेवा.

आता मूळ दुखणं सांगतो.

आमच्या गटात एक काका आहेत. हात सोन्याचा. त्यांनी दगडी कमानींचा पूल केला होता, प्रत्येक दगड वेगळा कोरलेला, कमानीच्या आतल्या बाजूला ओल आल्यासारखा हिरवट रंग, खाली नदीत रेझिनचं पाणी. मी उगाच कौतुक करणारा माणूस नाही, पण तो पूल बघत उभा राहिलोय. संमेलनाआधीच्या बैठकीत मी म्हटलं होतं, सगळ्यांच्या टोकाच्या फळ्या एकाच जिगवरून पाडू. ॲल्युमिनियमची जाड पट्टी घ्यायची, तिच्यात बोल्टची भोकं आणि रुळांच्या जागी दोन खाचा करायच्या, आणि ती पट्टी घरोघरी फिरवायची. यावर काका म्हणाले, "अरे, हा छंद आहे, कारखाना नाही. कागदावर मापं दिलीत ना? मिलिमीटर-दोन मिलिमीटरने काय आभाळ कोसळतंय?" बाकीचे हसले. कागद वाटले गेले आणि प्रत्येकाने आपापल्या टेपने मापं घेतली. टेपच्या टोकाचा आकडा मुळातच हलता असतो, आणि जुन्या टेपमध्ये तो किती हलतो हे मालकालाही ठाऊक नसतं.

संमेलनात काकांचा पूल बरोबर मधे, मुख्य मार्गावर ठेवला होता. शोभेची वस्तू म्हणून मुद्दाम. पहिली गाडी पुलाच्या तोंडाशी घसरली. दुसरीही तिथेच, आणि उलट दिशेने सोडली की बिनधास्त पार. काका म्हणाले हॉलची फरशी वाकडी आहे. नाचता येईना अंगण वाकडं! मग म्हणाले तुमच्या इंजिनांची चाकं तपासा. सगळ्यांची? मी काही न बोलता रुळाच्या जोडावरून नख फिरवलं. एका दिशेने नख सरळ गेलं, दुसऱ्या दिशेने टक्कन अडलं. एनच्या चाकाची कड असते जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर. नख अडतं तिथे चाक चढणारच.

बरं, नुसते रूळ बाजूला सरकलेले असते तर बोल्ट सैल करून बोर्ड सरकवता आला असता. खरा घोळ वेगळाच होता. फळी गुण्यात, म्हणजे काटकोनात, नव्हती. दोन बोर्ड वरच्या कडेला भिडत होते आणि खाली फट राहत होती. ती फट बुजवायला पान्हा आवळला की बोर्ड वरच्या कडेवर फिरायचे, अख्खा जोड वर उचलला जायचा आणि त्या बाजूचे पाय जमिनीवरून सुटायचे. जितकं आवळाल तितका रुळाला उंटासारखा कुबड. सैल केलं की रूळ पुन्हा तिरके. दुपार गेली त्यात. पाचर घाल, पुठ्ठा घाल, पायाखाली वर्तमानपत्र घाल. शेवटी पूल मुख्य मार्गावरून काढला आणि एका फाट्याच्या टोकाला नेऊन ठेवला. गाड्या अलीकडच्या बोर्डावर थांबून परत फिरायच्या.

आणि लोकांनी फोटो कशाचे काढले? पुलाचेच! रिकाम्या पुलाचे. काका मला म्हणाले, "बघ, लोक काय बघायला येतात." मी म्हटलं, काका, लोक आले खरे, गाडी आली नाही. ते रागावले. मीही रागावलो होतो. पुढच्या संमेलनाआधी जिग झाली, आणि आता नव्या सभासदांना काकाच सांगत असतात की जिगवरून फळ्या पाडायच्या हे आपण पहिल्यापासून ठरवलं होतं. ‘आपण’ ठरवलं होतं म्हणे. असो. कुणी ठरवलं होतं ते इथे लिहून ठेवलंय.

तुमचा देखावा तयार असल्यामुळे मोडतोड न करता काय करता येईल ते सांगतो. मूळ सांगाड्याच्या टोकाला भोकं पाडत बसू नका. 12 मिमीच्या चांगल्या प्लायच्या दोन नव्या फळ्या कापा आणि गटाच्या जिगवरून (किंवा ज्याचा बोर्ड नीट जुळतो त्याच्या फळीवरून) दोन्ही एकत्र क्लॅम्प करून भोकं पाडा. मग त्या सांगाड्याच्या टोकांवर नुसत्या टेकवा. पाणसळ आणि गुण्या लावून बघा, जिथे फट दिसेल तिथे पातळ पट्ट्या सरकवा, आणि फळी रुळाला दोन्ही अंगांनी काटकोनात आली की मगच गोंद आणि स्क्रू. वरून बघून काटकोन जुळला म्हणजे झालं असं नाही, बाजूनेही बघा. काकांनी ते बघितलं नव्हतं. यात लांबी थोडी वाढेल. वाढलेली लांबी मोजून मांडणीचा नकाशा करणाऱ्याला कळवा, जुनी सांगू नका. नकाशा करणारा एक्सट्रॅककॅडसारख्या प्रोग्रॅमवर तुम्ही दिलेल्या आकड्यांवर विसंबून वर्तुळ पुरं करत असतो. दोन टोकांची लांबलचक मांडणी असेल तर सेंटिमीटरभर चूक खपून जाते. बंद वर्तुळात सगळ्यांच्या चुका शेवटच्या जोडात येऊन बसतात.

रूळ सगळ्यात शेवटी. टोकाशी तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाची पट्टी फळीला चिकटवून वर स्क्रूने पक्की करा, रूळ तिच्यावर सोल्डर करा आणि मग फळीच्या तोंडाशी अगदी सपाट कापून कानशीने घासा. तांब्याच्या थरात दोन रुळांच्या मधे करवतीने चीर पाडायला विसरू नका, नाहीतर संमेलनात वीज सुरू होताक्षणी सगळ्यांच्या गाड्या तुमच्यामुळे बंद पडतील. शेवटचा हातभर रूळ सरळ असू द्या, फळीशी काटकोनात. वळण जोडावर आणू नका, आणि पॉइंट, म्हणजे गाडीचा मार्ग बदलणारा सांधा, तर जोडाच्या जवळपासही नको.

बोल्टबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. पितळी डॉवेल, म्हणजे भोकात घट्ट बसणाऱ्या खुंट्या, लावले की दर वेळी आपोआप अचूक जुळतं, असं बरेच जण सांगतात. तुमच्याच दोन बोर्डांमधल्या जोडाला ते ठीक आहे, कारण ते दोघे कायम शेजारीच बसणार. अनोळखी बोर्डाला जोडताना डॉवेल म्हणजे दुसऱ्याची चूक स्वतःच्या गळ्यात बांधून घेणं. तिथे 12 मिमीचं भोक आणि 8 मिमीचा बोल्ट, दोन्हीकडे मोठे वॉशर. आधी बोल्ट हाताने नुसते अडकवायचे, बोटाने रूळ जुळवायचे, नख फिरवून बघायचं आणि मग पान्हा. रूळ जुळवायचे असतात, फळीच्या कडा नव्हे. कडा दोन मिलिमीटर पुढे-मागे दिसल्या तर दिसू देत.

वायरिंगमध्ये नवे लोक हमखास एका ठिकाणी फसतात. लाल वायर पुढच्या रुळाला, काळी मागच्या, असं ठरवून मोकळे होतात. पण मॉड्युलर बोर्ड उलटा फिरवूनही लागतो, आणि मग पुढचा रूळ मागचा होतो. त्यापेक्षा टोकासमोर उभं राहा. तुमच्या उजव्या हाताच्या रुळाच्या वायरला प्लग, डाव्या हाताच्या रुळाच्या वायरला सॉकेट. दुसऱ्या टोकासमोर जाऊन पुन्हा तेच. म्हणजे एकाच रुळाला एका टोकाला प्लग आणि दुसऱ्या टोकाला सॉकेट येतो. पहिल्यांदा हे चुकल्यासारखं वाटतं, पण कागदावर दोन बोर्ड काढून बघा, कसेही फिरवा, जुळतंच. तुमच्या गटाची पद्धत वेगळी असेल तर अर्थात तीच पाळा. बोर्डाखालून जाणारी मुख्य वायर 2.5 चौरस मिमीच्या आत नको, आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला वेगळी वायर खाली सोडा. रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या जॉइनरवर विजेसाठी विसंबणारा माणूस संमेलनभर रूळ पुसत बसतो. डीसीसी (रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम देण्याची पद्धत) असेल तर मांडणीच्या सगळ्यात लांबच्या टोकाला रुळांवर आडवं नाणं ठेवा. रुळांना वीज पुरवणारा बूस्टर तत्काळ बंद पडला पाहिजे. नाही पडला तर वायर बारीक आहे किंवा कुठेतरी जोड कच्चा आहे, आणि एखादं घसरलेलं इंजिन तिथे वितळेपर्यंत कुणाला पत्ताही लागणार नाही.

आता थोडं मागे घेतो. फरशी खरोखर वाकडी असते, काकांचं तेवढं म्हणणं खोटं नव्हतं. हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहज बोटभर फरक पडतो, म्हणून प्रत्येक पायाच्या तळाला खालीवर होणारा बोल्ट हवाच. मांडणी मधल्या स्टेशनपासून सुरू करून बाहेर जा. दोन्हीकडून येऊन मधे गाठ घालायला जाऊ नका. लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आक्रसतं, त्यामुळे घरी जुळलेला जोड हॉलमध्ये केसभर हललेला दिसला तर लगेच कुणाला दोष देऊ नका. आणि तुमचा गट टी-ट्रॅकवाला असेल तर जोडाचे बोल्ट, उंच पाय, सर्किट बोर्डाची पट्टी यातलं काहीच तुम्हाला लागणार नाही. खोका गुण्यात ठेवा आणि खुशाल डोंगर करा.

लांबी-रुंदीचं राहिलंच. टोकाची रुंदी स्टँडर्ड सांगेल ती, त्यात तुमचं मत कुणी विचारत नाही. लांबी एकट्याला दारातून तिरकी न करता नेता येईल आणि गाडीत मावेल तेवढी, म्हणजे बहुतेकांना मीटर-सव्वा मीटर. त्याहून लांब स्टेशन हवं असेल तर त्याचे दोन बोर्ड करा. 25 मीटरचा खरा डबा 1:160 मध्ये 156 मिमीचा होतो, दहा डबे दीड मीटरच्या पुढे जातात, तेव्हा तुमच्या ‘छोट्या’ स्टेशनात पाच-सहा डब्यांच्या वर गाडी मावणार नाही. लूप, म्हणजे दुसरी गाडी जाईपर्यंत थांबायचा बाजूचा रूळ, किती लांब आहे ते नकाशा करणाऱ्याला आधीच सांगा, म्हणजे तो तुमच्याकडे क्रॉसिंगला लांब मालगाडी पाठवणार नाही.