टीआयए पोर्टलचं नवं व्हर्जन आलं की जुने प्रोजेक्ट त्यात हलवावेत का?

टीआयए पोर्टल म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोलर (पीएलसी) प्रोग्राम करायचं सीमेन्सचं सॉफ्टवेअर. तुमच्या मशिनी त्याच्या व्ही १६ (व्हर्जन १६) वर चालतात आणि आता व्ही २० आलंय, तर सगळे प्रोजेक्ट, म्हणजे मशीनच्या प्रोग्राम आणि सेटिंगच्या फाइली, एकदमच वर न्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. नका नेऊ. नवं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर जरूर टाका, वेगवेगळी व्हर्जन्स शेजारी शेजारी बसतात. पण चालू मशीनचा प्रोजेक्ट ज्या व्हर्जनमध्ये आहे, त्यातच राहू द्या.

याचं मुख्य कारण म्हणजे ही वाट एकेरी आहे. व्ही १६ चा प्रोजेक्ट व्ही २० मध्ये अपग्रेड केला की ती प्रत व्ही १६ मध्ये पुन्हा उघडत नाही. रात्रपाळीच्या मेंटेनन्सवाल्याकडे फक्त व्ही १६ असेल, तर लाइन बंद पडल्यावर तो हातावर हात ठेवून बसेल. शिवाय अपग्रेडनंतर प्रोग्राम नव्याने कंपाइल होतो, ऑनलाइन गेल्यावर, म्हणजे लॅपटॉप कंट्रोलरला जोडल्यावर, दोन्हीकडच्या प्रोग्राममध्ये फरक दिसू शकतात आणि ते मिटवायला डाउनलोड करताना सीपीयू (कंट्रोलरचा मुख्य भाग) स्टॉपमध्ये न्यावा लागू शकतो, म्हणजे मशीन थांबतं. फेलसेफ (सुरक्षेसाठीचा) प्रोग्राम असेल तर सेफ्टी सिग्नेचर, म्हणजे त्या प्रोग्रामचा ओळख-आकडा, हाही तपासावा लागतो. हे काम ठरलेल्या शटडाउनमध्येच करावं.

व्ही १८, १९ आणि २० ही २०२२, २०२३ आणि २०२४ मध्ये आली, म्हणजे वर्षाला एक. मशीन मात्र पंधरा-वीस वर्षं चालतं. त्या वेगाच्या मागे धावायची त्याला गरज नाही.

मग कधी बदलायचं? हवं असलेलं मोड्यूल किंवा सीपीयू जुन्या कॅटलॉगमध्ये नसेल तेव्हा. त्यातही आधी हार्डवेअर सपोर्ट पॅकेज (जुन्या व्हर्जनच्या कॅटलॉगमध्ये नवं हार्डवेअर भरणारी फाइल) मिळतं का पाहा, बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं. त्याच व्हर्जनचे छोटे अपडेट मात्र टाळू नका, त्यात चुका दुरुस्त केलेल्या असतात.

दुसरी कंट्रोलर कंपनी रॉकवेल, तिच्याकडे व्हर्जनचा नियम आणखी कडक आहे. तिच्या लॉजिक्स कंट्रोलरच्या फर्मवेअरचा (आत बसवलेल्या सॉफ्टवेअरचा) मुख्य आकडा आणि स्टुडिओ ५००० या तिच्या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरचं व्हर्जन जुळावंच लागतं.

जुनी व्हर्जन्स जपायला प्रत्येकासाठी वेगळं व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) ठेवा, त्या काळच्या विंडोजसकट. सॉफ्टवेअरचं व्हर्जन, अपडेट क्रमांक आणि सीपीयूचं फर्मवेअर बॅकअपच्या नावात लिहा, पॅनेलच्या दाराला आतूनही चिकटवा. नवं मशीन घेताना कोणतं व्हर्जन चालेल हे ऑर्डरमध्येच लिहून द्या, नाहीतर पुरवठादार त्याच्या लॅपटॉपवर असेल ते वापरून मोकळा होतो.