आईची सत्तरी, मुदत ठेव आणि अधिक महिना

प्रश्न: आम्ही नवरा-बायको शारजात नोकरी करतो. दोघांचे मिळून ११ हजार दिरहॅम येतात, हजारेक शिल्लक पडतात. मुलं नऊ आणि पाच वर्षांची. आई चिपळूणला एकटी असते. ती वाढदिवस तिथीने करते, आषाढ शुद्ध द्वितीयेला. गेल्या वर्षी तो २७ जूनला आला होता. यंदा तिला सत्तर पूर्ण होतील, म्हणून २६ जूनला चौघांनी न कळवता दारात उभं राहायचं ठरवलंय. तिकिटांना ५,६०० दिरहॅम, म्हणजे साधारण १ लाख ३५ हजार रुपये लागतील. एनआरई, म्हणजे परदेशस्थ भारतीयांच्या खात्यात ४ लाखांची मुदत ठेव आहे, ७ टक्क्यांची, गेल्या ३ जुलैला केलेली. गावच्या घराचं छप्पर नवं करायला ती ठेवली होती. तिकिटांसाठी ती आत्ता, एप्रिलअखेर मोडू का? शिवाय हॉल घेऊन साठ माणसांचं जेवण आणि क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर आईला पाटल्या, असाही विचार आहे.

उत्तर: पैशांचं नंतर बघू, आधी तारीख दुरुस्त करा. भिंतीवर कालनिर्णय असेल तर पान उलटून पाहा. यंदा, २०२६ मध्ये, १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे आषाढ पुढे सरकलाय आणि तुमच्या आईची द्वितीया १६ जुलैला येते. २६ जूनला गेलात तर केक घेऊन ज्येष्ठातच पोहोचाल.

ही चूक तुमच्या पथ्यावर पडणार आहे. एनआरई मुदत ठेवीला किमान एक वर्ष भरावं लागतं. त्याआधी मोडली तर व्याज कमी मिळतं असं नाही, मिळतच नाही. दहा महिन्यांचे सुमारे २३ हजार रुपये तुम्ही बँकेला सोडून देणार होतात. तीच ठेव ३ जुलैपर्यंत राहिली तर साधारण २८,७०० रुपये व्याज हातात येतं, तेही भारतात करमुक्त. आणि वाढदिवस त्यानंतर तेरा दिवसांनी आहे.

प्रश्न उरतो तो तिकिटांचा, कारण ती जुलैपर्यंत थांबणार नाहीत. तुम्ही पाहिलेला भाव जूनचा आहे. जुलैच्या मध्याला तिकडच्या शाळांना सुट्टी असते आणि सगळं आखात घरी निघतं. दीड लाख धरून चाला. एवढ्या रकमेचं कर्ज याच ठेवीवर मिळतं. दर साधारण ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो. साडेआठ टक्के धरला तर १ मे ते ३ जुलैचं व्याज २,२०० रुपयांच्या आसपास होतं. तेवीस हजार घालवण्यापेक्षा बावीसशे भरलेले बरे. फक्त ठेव आपोआप नूतनीकरण होणारी असेल तर ती सूचना आजच काढून टाका. नाहीतर ३ जुलैला पुन्हा वर्षाचं घड्याळ सुरू होईल.

कर्ज फेडून तुमच्याकडे पावणेतीन लाख राहतील. छप्पर भर पावसात कोणी उतरवत नाही, ते काम पुढच्या एप्रिल-मेमध्येच होणार. ऑगस्टपासून महिन्याला हजार दिरहॅम, म्हणजे २४ हजार रुपये बाजूला टाकलेत तर मार्चपर्यंत खड्डा भरून वर थोडं उरेल. म्हणून जा, आणि चौघंही जा. एकट्याने जाऊन लाखभर वाचतील, पण नातवंडांशिवाय सत्तरी म्हणजे तुमचीच हजेरी.

पाटल्यांना मात्र माझा साफ नकार आहे. कार्डाचा हप्ता चुकला की महिन्याला तीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, आणि अशा पाटल्या आई कपाटातच ठेवेल. हॉलही नको. साठ माणसांना आमंत्रण गेलं की चिपळुणात गुपित राहील का? घरीच पंधरा-वीस जण, आचारी बोलवा, पुरणपोळी करा.

न सांगता जाण्याबद्दल माझे अनेक ग्राहक कुरकुरतात, की हा उगाच खर्चिक हट्ट. मला तसं वाटत नाही. आईला विचारलं असतंत तर ‘कशाला एवढा खर्च, छपराचं बघा आधी’ म्हणून तिने बेत तिथेच मोडला असता. तिच्यावर खर्च करायचा तर तिला न विचारताच करावा लागतो! पण गुपिताचीही किंमत असते, ती आधीच कमी करून ठेवा. शेजारच्या एका विश्वासू माणसाला सगळं सांगा. आषाढी २५ जुलैला आहे; आई भजनी मंडळाबरोबर आधीच पंढरपूरला निघणार असेल तर दीड लाखाचं कुलूप बघून परत याल. शिवाय सत्तरीच्या बाईला रक्तदाब वगैरे असेल तर दारात एकदम चौघं दिसणं सोसेल का, हेही त्यालाच विचारता येईल.

मुंबईहून पुढे टॅक्सी नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीच्या पुराने चिपळुणात काय केलं ते मी तुम्हाला सांगायला नको, आणि जुलैत परशुराम घाटाचा भरवसा कोण देणार? १४ला मुंबईत उतरा आणि १५ला सकाळची मांडवी एक्स्प्रेस धरा, एक दिवस हाताशी राहील. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे १६ मेला सकाळी आठला बसा. तत्काळवर विसंबू नका. ते तिकीट नक्की झालं आणि रद्द करावं लागलं तर दमडी परत मिळत नाही.

आणि धाकट्याला विमानतळावर पोहोचेपर्यंत काही कळू देऊ नका. आजीशी रोज व्हिडिओ कॉलवर बोलतो ना तो?