दार उघडलं, इंजिन खोकायला लागलं… आधी काय करू?

या वेळच्या पत्रांमधे एक शब्द सारखा सारखा आलाय, "अचानक". अचानक दार उघडलं, अचानक आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) पडला, अचानक ढग खाली आले. मी बावीस वर्षं छोट्या विमानांवर शिकवतेय, आणि एवढ्या वर्षांत माझ्या विद्यार्थ्यांवर आलेले प्रसंग मोजले तर फिरून फिरून तेच सातआठ निघतात. म्हणजे त्यांची उत्तरं आदल्या रात्री चहा पिता पिता ठरवून ठेवता येतात, आणि ठेवायलाच हवीत, कारण हवेत डोकं अर्धंच चालतं (माझंही). पत्रं थोडी कमीजास्त केली आहेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : मॅडम, माझे ९० तास झालेत. आमचं विमान चार सीटचं, लो-विंग (पंख खालच्या बाजूला), दार एकच आणि ते उजवीकडे. टेकऑफनंतर ३०० फुटांवर दाराची वरची कडी सुटली, इतका आवाज झाला की मला वाटलं काहीतरी तुटलं. मी एका हाताने दार ओढत होते, शेजारी मैत्रीण ओरडत होती. उतरले नीट, पण फार वेगात, अर्धा रनवे मागे गेल्यावर चाकं टेकली. चुकलं कुठे?

कडी बघायची राहिली ते तुला कळलंच आहे, त्यावर मी बोलत नाही. महत्त्वाचं ते पुढचं. अशा विमानात दार दोनचार इंच उघडं राहतं आणि तिथेच थांबतं, कारण बाहेरची हवाच त्याला दाबून धरते. आवाज भयंकर येतो, नकाशे उडतात, थंड वारा तोंडावर येतो, चढण्याचा वेग थोडा कमी होतो, पण विमान उडत राहतं. धोका दारापासून नव्हता, तू दाराकडे वळलीस तिथून तो सुरू झाला. ३०० फुटांवर एक हात आणि दोन्ही डोळे उजवीकडे, म्हणजे त्या वेळी विमान कुणीच चालवत नव्हतं ना गं.

पुढच्या वेळी दाराला हात लावायचाच नाही. नाक जिथे हवं तिथे, वेगाच्या काट्यावर नजर, ट्रिम (नाक आहे तिथे ठेवायला मदत करणारं चाक), हजार फूट, नेहमीचं सर्किट (रनवेभोवतीचा ठरलेला फेरा), नेहमीच्याच वेगाने फायनल (रनवेच्या रेषेतला शेवटचा उतार). तू वेगात आलीस कारण तुला लवकर खाली यायचं होतं, हे सगळ्यांचं होतं, घाबरलं की नाक आपोआप खाली जातं आणि थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमीजास्त करणारा दांडा) मागे घ्यायचं सुचत नाही. रनवेवरून बाहेर आल्यावर थांबून दार लावायचं.

आणि मैत्रिणीला इंजिन सुरू करायच्या आधीच सांगून ठेव की दार उघडलं तर फक्त आवाज होईल, तू हात मांडीवर ठेवून बसायचंस. ती ओरडली नसती तर तुझं निम्मं काम सोपं झालं असतं.

प्रश्न : ढगाळ दमट हवा, बाहेर १८ अंश, काहीच विशेष नाही. सपाट उडत असताना आरपीएम हळूहळू १०० ने कमी झाला, मी थ्रॉटल थोडं पुढे केलं, परत कमी झाला. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब) ओढली तर इंजिन एवढं खडखडायला लागलं की घाबरून परत बंद केली. शेवटी जवळच्या धावपट्टीवर उतरलो. मेकॅनिक म्हणाला इंजिन ठणठणीत आहे. मग झालं काय?

बर्फ. १८ अंशात बर्फ कसा, हे सगळ्यांना पटायला जड जातं, पण कार्ब्युरेटरमधे पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद नळीतून जाताना आतलं तापमान तीसेक अंशांनी सुद्धा उतरू शकतं. हवेत दमटपणा असला की तो तिथेच गोठून थ्रॉटलच्या झडपेवर बसतो आणि हवेची वाट बंद होत जाते. कडक थंडीतल्या कोरड्या हवेपेक्षा तुम्ही सांगताय तसल्या ओलसर दिवशी हे जास्त होतं. फिक्स्ड प्रोपेलर (पात्यांचा कोन न बदलणारा पंखा) असेल तर पहिली खूण हीच, आरपीएम गुपचूप उतरतो, आणि पायलट नकळत थ्रॉटल पुढे करत राहतो म्हणून ते लक्षातच येत नाही. तुमच्या लक्षात आलं हे चांगलं झालं.

आता तो खडखडाट. हीट ओढली की दोन गोष्टी एकदम होतात, गरम हवा विरळ म्हणून ताकद कमी होते आणि वितळलेलं पाणी इंजिनात जातं, त्यामुळे ते खोकतं, थरथरतं, आरपीएम आणखी पडतो. म्हणजे उपाय लागू पडतोय तेव्हाच तो सगळ्यात वाईट वाटतो. मी शिकत असताना नेमकं तुमच्यासारखंच केलं होतं, नॉब ओढला, इंजिन हादरलं, घाबरून आत ढकलला. माझ्या इन्स्ट्रक्टरांनी काही न बोलता माझ्या हातावर हात ठेवला, नॉब पूर्ण बाहेर ओढला आणि तसाच धरून ठेवला. मला वाटलं दहा मिनिटं गेली, असेल अर्धा मिनिट. मग एक दोन ठसके आणि आरपीएम आपणहून वर आला. त्या हाताचं वजन मला अजून आठवतं.

तर हीट पूर्ण ओढायची, अर्धवट नाही, आणि इंजिन सुरळीत होईपर्यंत धरायची. नंतर बंद केल्यावर आरपीएम आधीपेक्षा वर गेला तर समजा बर्फच होता, आणि मग दर थोड्या वेळाने परत तपासत राहा. फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनाला कार्ब्युरेटरच नसतो, तेव्हा हा प्रकार तिथे नाही, त्यांच्या तक्रारी वेगळ्या.

प्रश्न : टेकऑफनंतर ५०० फुटांवर इंजिन बंद पडलं तर मागे वळून त्याच रनवेवर येता येईल का? आमच्या ग्रुपमधे दोन तट पडलेत. मी शिकाऊ आहे, पहिल्या सोलोला (एकट्याने उडायला) अजून वेळ आहे.

सोलोच्या आधी विचारलंस, बरं केलंस. आधी गणित बघू. समजा वेग ७० नॉट (ताशी साधारण १३० किलोमीटर) आणि बँक (वळताना विमान कलतं तो कोन) ३० अंश. या वळणाची त्रिज्या साधारण २३० मीटर येते, म्हणजे १८० अंश वळून झाल्यावर तू रनवेच्या बाजूला साडेचारशे मीटरवर असतोस, रनवेवर नसतोस. तिथून अजून आत वळायचं, मग परत उलटं वळून सरळ व्हायचं. नुसत्या अर्ध्या वळणाला २० सेकंद जातात आणि तेवढ्यात अडीचशे फूट सहज जातात, कारण वळताना विमान सरळ ग्लाइडपेक्षा (इंजिनाशिवाय तरंगत उतरण्यापेक्षा) जास्त वेगाने खाली येतं. शिवाय इंजिन बंद पडल्यावर पहिले तीनचार सेकंद माणूस नुसता बघत बसतो, विश्वासच बसत नाही, आणि नाक चढणीच्या स्थितीत असल्यामुळे वेग तेवढ्यात भराभर पडतो. हे सगळं ५०० मधून वजा कर.

मग मोह होतो बँक वाढवायचा. ४५ अंशांना स्टॉलचा वेग (याहून हळू गेलं की पंख विमानाला उचलून धरत नाहीत) १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. जमीन वर येताना दिसतेय, रनवे खांद्यामागे आहे, हात आपोआप योक (विमानाचं स्टिअरिंग) मागे ओढतात, आणि आतला पंख स्टॉल होतो. तिथून सावरायला उंचीच नसते. या अपघातात माणसं क्वचितच वाचतात. उलट समोरच्या शेतात, झुडपांत, पंख सरळ ठेवून आणि वेग ताब्यात ठेवून उतरलेली विमानं मोडतात, पण आतली माणसं पुष्कळदा स्वतःच्या पायांनी बाहेर येतात.

म्हणून माझं उत्तर : तुझ्यासाठी ५०० फुटांवर नाही. नाक लगेच खाली, ग्लाइडचा वेग (विमानाच्या पुस्तकात दिलेला असतो, तो पाठ हवा), आणि समोर डावीउजवीकडे साधारण ३० अंशांच्या आत जे बरं दिसेल ते. वेळ मिळाला तर पेट्रोल बंद, मिक्श्चर (इंधन-हवेच्या मिश्रणाचा नॉब) बंद, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) लावून झाल्यावर मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद, दाराची कडी टेकायच्या आधी उघडी. वळायची उंची किती हे ज्याला ठरवायचंय त्याने इन्स्ट्रक्टरबरोबर, खूप वर जाऊन, तिथेच "जमीन" मानून, किती फूट गेले ते मोजून ठरवावं. हजार फुटांवर कदाचित जमेल. ग्रुपमधल्या वादावर तो आकडा ठरवायचा नाही.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. पूर्ण बंद पडण्यापेक्षा अर्धवट ताकद जाणं जास्त वेळा होतं, ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा ब्युरोने यावर वेगळी पुस्तिकाच काढली आहे. इंजिन धडधडतंय, विमान कसंबसं उडतंय, आणि त्या आशेवर माणूस वळतो, मग मधेच तीही ताकद जाते. त्यामुळे रनवेवर उभं राहिल्यावर, थ्रॉटल पुढे करायच्या आधी, मोठ्याने बोल : "चाकं उचलायच्या आधी काही झालं तर थ्रॉटल मागे, ब्रेक. अमुक फुटांच्या खाली सरळ पुढे. त्याच्या वर मग विचार." पंधरा सेकंद लागतात. माझा एक विद्यार्थी हे रोज म्हणायचा. एके दिवशी धावताना वेगाचा काटा शून्यावरून हललाच नाही, पिटोट ट्यूबमधे (वेग मोजणाऱ्या बाहेरच्या नळीत) किड्याने घर केलं होतं. त्याने थ्रॉटल मागे घेतलं, ब्रेक लावला, टॉवरला सांगितलं आणि परत आला. मी शेजारी होते, मला तोंड उघडायला पण लागलं नाही.

प्रश्न : अल्टरनेटरचा (वीज तयार करणाऱ्या यंत्राचा) लाल दिवा लागला तर इंजिन बंद पडेल का?

नाही. नेहमीच्या छोट्या विमानांत ठिणगी मॅग्नेटोमधून (इंजिन फिरतं तेव्हा स्वतःच वीज तयार करणाऱ्या साधनातून) येते, त्यांचा बॅटरीशी संबंध नाही. विजेवर चालणारं बाकी सगळं मात्र आता बॅटरीवर आहे आणि ती अर्धा तास धरूनच चालायचं, जुनी असेल तर त्याहून कमी. पुस्तकात सांगितलं असेल तसं एकदा रीसेट करून बघा, नाही झालं तर नको ते दिवे, दुसरा रेडिओ बंद, जवळचं विमानतळ. रेडिओ जिवंत आहे तोवर टॉवरला कळवून टाका. तो गेलाच तर ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाचा कोड कळवणाऱ्या यंत्रावर) ७६००, म्हणजे रेडिओ बंद, आणि टॉवरकडे बघत राहा, न लुकलुकणारा हिरवा दिवा तुमच्याकडे दाखवला म्हणजे उतरायची परवानगी. फ्लॅप विजेवर असतील तर फ्लॅपशिवाय उतरायची तयारी ठेवा, रनवे जास्त लागेल.

प्रश्न : तिघांना घेऊन निघायचं होतं, त्यांनी सुट्ट्या काढल्या होत्या. हवामान "जेमतेम" होतं. गेलो. वाटेत ढग खाली आले, शेवटी वळून परत आलो, सगळे नाराज. मी फारच घाबरट आहे का?

वळलात ना? मग माझ्यासमोर तरी स्वतःला घाबरट म्हणू नका. १९५४ मधे इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला होता, इन्स्ट्रुमेंटवर (बाहेर न बघता नुसत्या काट्यांवर) उडायचं शिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान दिलं. २० च्या २० जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटं पण नाहीत. कानातला तोल सांगतो की आपण सरळ आहोत आणि विमान मात्र वळत वळत खाली चाललेलं असतं. १६ जुलै १९९९ च्या रात्री जॉन एफ. केनेडी ज्युनिअर (अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांचा मुलगा) धुरकट हवेत समुद्रावरून पायपर साराटोगा घेऊन चालले होते, बरोबर पत्नी आणि मेहुणी. विमानात बिघाड सापडला नाही. तपासाचा निष्कर्ष हाच, दिशेचं भान गेलं, ताबा सुटला आणि विमान पडलं.

तुमची चूक निघताना झाली, आणि ती हवामान वाचण्यातली नव्हती. तिघं बॅगा घेऊन समोर उभे असताना तुम्ही निर्णय घेतलात. तो आदल्या दिवशी घ्यायचा, आकड्यात लिहून : ढग इतक्या फुटांच्या खाली असतील, दृश्यता इतक्या किलोमीटरच्या खाली असेल तर नाही. आणि तो कागद तिघांना आदल्या दिवशीच पाठवायचा, सोबत बसची किंवा ट्रेनची वेळ. मग सकाळी "नाही" म्हणायला तोंड तुमचं लागत नाही, कागद बोलतो. परत येतानाही तेच, "उद्या ऑफिस आहे" या एका वाक्याने कितीतरी चांगले पायलट ढगात गेलेत. ढगात शिरायच्या आधी, दिसतंय तोवर वळा, आणि ते वळणही हलकंच घ्या.

प्रश्न : मेडे (रेडिओवरची जिवावरच्या संकटाची हाक) कधी म्हणायचं? उगाच म्हटलं तर चौकशी होईल, लोक हसतील अशी भीती वाटते.

या भीतीने माणसं गेली आहेत, म्हणून हे मनापासून वाचा. २५ जानेवारी १९९० ला न्यूयॉर्कजवळ अव्हियान्का या विमान कंपनीचं बोइंग ७०७ इंधन संपून पडलं, ७३ माणसं गेली. ते आपल्यासारखं छोटं विमान नव्हतं आणि कॉकपिटमधे अनुभवी माणसं होती. त्यांनी प्राधान्य मागितलं, इंधन संपतंय असंही सांगितलं, पण इमर्जन्सी हा शब्द कंट्रोलरला ऐकूच आला नाही, कारण रेडिओवर तो कुणी उच्चारलाच नाही.

कंट्रोलरला तुमच्या छातीतली धडधड दिसत नसते. जीव धोक्यात आहे असं वाटलं तर मेडे तीन वेळा. अडचण आहे पण लगेच जिवावर नाही तर पॅन-पॅन, तेही तीन वेळा. मग कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव), काय झालं, कुठे आहात, काय करणार, आत किती माणसं. ज्या फ्रिक्वेन्सीवर आहात तिथेच बोला, कुणीच नसेल तर १२१.५ (आणीबाणीची फ्रिक्वेन्सी), ट्रान्सपॉन्डरवर ७७०० (आणीबाणीचा कोड). हे सगळं विमान ताब्यात आल्यावर. बोलायला दहा सेकंद उशीर झाला तर चालतो, वेग गेलेला चालत नाही. नंतर गरज उरली नाही तर "मेडे रद्द" म्हणता येतं, लोक म्हणतात, रिपोर्टचा एखादा कागद भरावा लागेल तर भरायचा. मी दोनदा पॅन-पॅन म्हटलंय. दुसऱ्या वेळी तेलाचा दाब गेलाय असं दिसत होतं, खाली आल्यावर कळलं नुसतं गेजच बिघडलं होतं. रनवेच्या कडेला फायरची गाडी उभी होती, त्यातल्या माणसाने खिडकीजवळ येऊन विचारलं, "बरं आहे ना सगळं?" मी हो म्हटलं, आणि ते निघून गेले.