तोंडी पर्मनंट नसतं

चिरंजीव,

ऑफर लेटरचे फोटो वाचले. 'फुल-टाइम रेग्युलर पोझिशन' ही ओळ वाचून घरी पेढे वाटलेस म्हणे. अरे, फुल-टाइम म्हणजे दिवसाचे किती तास राबायचं एवढंच. किती वर्षं, ते त्यात नाही. कागद वाच. दुसऱ्या पानावर 'फिक्स्ड टर्म, अकरा महिने' आहे. मुदत भरली, करार नव्याने केला नाही, की नोकरी आपोआप संपते. 1984 च्या दुरुस्तीपासून कायदा अशा सुटण्याला नोकरकपात म्हणतच नाही, म्हणून नोकरकपातीची भरपाईही नाही. 2018 पासून केंद्राने ही पद्धत सगळ्याच उद्योगांना खुली केली. आणि अकराच महिने का, विचार कर: नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत फिक्स्ड टर्मवाल्याला वर्ष भरलं की ग्रॅच्युइटी लागू होते.

तू म्हणतोस, 'काका, एचआरच्या मॅडम म्हणाल्या आहेस तू पर्मनंटच, फक्त पेरोल थर्ड पार्टीचं.' मग मॅडमनी ते लिहून का नाही दिलं? कागदावर कोण म्हणतंय ते बघ. पत्राच्या माथ्यावर एजन्सीचं नाव आहे, कंपनीचं नाही.

आमच्या वेळी इतकं गुळगुळीत इंग्रजी नव्हतं. सरळ 'ब्रेक' म्हणायचे. वर्षात 240 दिवस भरले की सलग नोकरीचे हक्क लागायचे; ते भरू द्यायचे नाहीत, म्हणून सातव्या महिन्यात गेटपास काढून घ्यायचे आणि थोड्या दिवसांनी त्याच मशीनवर परत उभं करायचे. कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं बदली (म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी) किंवा टेम्पररी ठेवणं ही अनुचित प्रथा, असं महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात स्पष्ट आहे. मी प्रत्येक गेटपास, प्रत्येक पगारपावती जपली. कारखान्यातली पोरं मला कारकून म्हणून चिडवायची. ती दुसरीकडे लागली, घरं बांधली. मी कोर्टाच्या तारखांना जात राहिलो. त्या वर्षांची हळहळ आहे, नाही कशाला म्हणू? शेवटी तडजोडच झाली, हेही खरं. तुझी काकू अजून विचारते, काय मिळवलंत? पण मॅनेजमेंट टेबलाशी येऊन बसली ती त्या पावत्यांमुळे. माझ्या भाषणांनी नाही. हट्टी म्हणायचं तर म्हणा.

बरं, नोकरी घेऊ नको असं मी म्हणत नाही. हप्ते आहेत, बहिणीची फी आहे, मला दिसतं. घे. पण पर्मनंट समजून कर्ज वाढवू नकोस. पुढेमागे कंपनीच्या रोलवर घेतलं तरी प्रोबेशनचं कलम नीट वाच. 'लेखी कन्फर्मेशन मिळेपर्यंत प्रोबेशन चालू' असं असेल, तर सहा महिने झाले म्हणून कुणी आपोआप कायम होत नाही.

उद्या सकाळी मॅडमना मेल टाक: माझा मालक कोण, मुदतीनंतर काय, रोलवर घेण्याचा निकष कोणता. फोन करू नकोस. उत्तर आलं की प्रिंट काढून मला आणून दे, आणि तोवर सही नको.

तुझा,
काका