थायरॉइड, साखर आणि दुखरे गुडघे असताना वजन उतरवायला सुरुवात कुठून करायची?

तुमचा प्रश्न वाचला आणि मला तीन वर्षांपूर्वीची मीच आठवले. तुमचं वय ४६, बारा वर्षांपासून थायरॉइड, चार वर्षांपासून साखर, जिना उतरताना गुडघे कुरकुरतात, वजन ८६ आणि दर खेपेला डॉक्टर ‘वजन कमी करा’ एवढं म्हणून चिठ्ठी हातात देतात. सुरुवात कुठून करू, असं विचारलंय तुम्ही. ताई, औषधांच्या पिशवीपासून करा. ताटाकडे मग येऊ.

मी डॉक्टर नाही. बडोद्यात दांडिया बाजारात राहते, वय ५७, शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेय. वजन ८४ होतं, आज सकाळी ७२ भरलं. हे १२ किलो उतरायला २६ महिने लागले आणि त्यातले पहिले काही महिने मी निव्वळ मूर्खपणात घालवले.

सोसायटीतल्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी टाकलं की रात्रीचं जेवण बंद करा, महिन्यात पाच किलो जातात. मी त्याच दिवशी बंद केलं. जेवणाआधीची साखरेची गोळी मात्र इमानेइतबारे घेत राहिले, कारण गोळी चुकवायची नाही हे डोक्यात पक्कं बसलेलं. तिसऱ्या रात्री अडीच वाजता घामानं झोप उडाली. हात थरथरत होते, छाती धडधडत होती, शब्द नीट फुटेना. यांना वाटलं, हार्ट अटॅक. हे गाडीची किल्ली शोधायला धावले. नशिबानं मुलगी माहेरपणाला आली होती, तिनं आधी बोटाला सुई टोचली. मशीनवर साखर फक्त ५२. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, ७० च्या वर गेल्यावर दूध-पोळी खायला लावली. सासूबाई देवघरात दिवा लावून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जे झाडलं, ते अजून आठवतं.

पण त्या झाडण्यातून मला पहिल्यांदा कळलं की माझ्या गोळ्यांमधली प्रत्येक गोळी वेगळं काम करते. माझी ग्लिमेपिराइड होती. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवा नाहीतर उपाशी राहा. इन्सुलिनच्या इंजेक्शनचंही तेच. जेवण कमी करायचं तर आधी या औषधांचा डोस डॉक्टरांनी कमी करायला हवा. शिवाय या दोन्हींनी वजन वाढतंही. साखर जरा उतरली की पोटात खड्डा पडतो, मग अकराला दोन खारी, पाचला मूठभर शेव. मी वर्षानुवर्षं याला जिभेचे चोचले समजून स्वतःला दोष देत होते. निम्मं तरी गोळीचं होतं ते.

माझी ग्लिमेपिराइड आधी निम्मी झाली, नंतर बंद. मेटफॉर्मिन तशीच राहिली. तिनं वजन वाढत नाही, झालं तर थोडं उतरतंच. मात्र ती बरीच वर्षं घेत असाल तर बी-१२ तपासून घ्या. जोडीला डापाग्लिफ्लोझिन आली, जी जादाची साखर लघवीवाटे बाहेर टाकते. तिनं दोनेक किलो आपसूक गेले. पण तिच्यावर असताना निर्जळी उपास करायचा नाही, पाणी भरपूर प्यायचं आणि खालच्या भागाची स्वच्छता नीट ठेवायची, नाहीतर खाज, संसर्ग ठरलेला. हे शेवटचं मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून लाज सोडून लिहितेय.

तुमच्या पिशवीत आणखी काय आहे, बघा. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी पोटातून घ्यायचं स्टेरॉइड, पायांच्या आगीसाठी प्रीगॅबालिन, झोपेसाठी किंवा नसांसाठी अमिट्रिप्टिलिन, मनाच्या आजारावरच्या काही गोळ्या, साखरेसाठीच पायोग्लिटाझोन – या सगळ्यांनी वजन वाढू शकतं. पण म्हणून यातलं एकही आपण होऊन सोडायचं नाही. स्टेरॉइड तर अजिबात नाही, एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. फक्त विचारायचं, की याच्या जागी वजन न वाढवणारं काही चालेल का? कधी चालतं, कधी नाही.

आता थायरॉइड. इथे जरा कडू बोलते. थायरॉइडच्या नावावर आपण बायका फार खपवतो. कमी थायरॉइडमुळे चढणारं वजन साधारण दोन ते पाच किलोंचं असतं आणि त्यातलं बरंचसं मीठ-पाण्याचं. वीस किलो त्याच्या माथी मारता येत नाहीत. मी पंधरा वर्षं मारले! पण तेवढं तरी उतरायला गोळी अंगी लागली पाहिजे. मी ती सकाळच्या चहाबरोबर घ्यायची आणि नाश्त्याला कॅल्शियम. डोस पुरेसा असून टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडला की चढणारा रक्तातला आकडा, ९. गोळी उठल्याबरोबर नुसत्या पाण्याशी, मग अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतरानं, एवढा बदल केला. दोन महिन्यांनी टीएसएच ३ वर आला, डोस तोच. वजन दीड किलो उतरलं आणि तिथेच थांबलं.

उलटंही होतं. दहा किलो गेल्यावर मला पुन्हा धडधड सुरू झाली, झोप उडाली. मला वाटलं, परत साखर उतरली. पण टीएसएच ०.२ निघाला. वजन उतरलं की थायरॉइडची गोळी जास्त होऊ शकते. ती १०० वरून ८८ केली. बीपीच्या गोळीचंही तसंच, उठताना चक्कर यायला लागली तर मोजून डॉक्टरांना दाखवा.

एवढं झाल्यावर ताट. गुजरातेत राहून पहिला हात कशाला घालायचा असतो ते सांगायला नको. आमच्याकडे सिंगतेलाचा, म्हणजे शेंगदाणा तेलाचा, १५ किलोचा डबा येतो. घरात आम्ही तिघं आणि डबा तीन महिन्यांत संपायचा. एकदा कागद घेऊन बसले. माणशी रोजचे ५५ ग्रॅम, ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे पाचशेच्या आसपास कॅलरी नुसत्या तेलाच्या. फोडणीत, थेपल्यांत, फरसाणात, कुठे दिसतही नाही. मी काही डाएट-बिएट केलं नाही. डब्यातून तेल काढायची पळी बदलली, लहान आणली आणि ती दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही. सासूबाई महिनाभर ‘आजारी माणसाची भाजी’ म्हणून नाक मुरडत जेवल्या. आता डबा पाच महिने पुरतो.

शेव-उसळ सोडलेली नाही. बडोद्यात राहून ती सोडायची तर गाव सोडावं. महिन्यातून एकदा, दोघांत एक प्लेट, पाव एकच. वर शेव टाकायला तो भैया हात सैल सोडतो, तिथे मात्र मी ओरडते.

उपासाचं बघा जरा. एकादशीला माझी साखर सगळ्यात जास्त यायची, कारण साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च आणि त्यावर बटाटा, दाणे, तूप. उपास सोडवत नसेल तर वरई मोजून एक वाटी, बरोबर दही आणि काकडीची कोशिंबीर. इतर दिवशी प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, पनीर, अंडं यांतलं काहीतरी ठळक हवं, नाहीतर वजनाबरोबर स्नायू जातात आणि गुडघे आणखी बिघडतात. आमटीचं पाणी म्हणजे प्रथिनं नव्हेत. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मात्र प्रथिनांचं प्रमाण किडनीच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

गुडघ्यांवर सविस्तर लिहिते, कारण खरी अडचण तिथेच होती. माझे आजेसासरे व्यायामगुरू माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात जोर-बैठका काढणारे. त्या घरात ‘पाय दुखतात’ हे कारण चालत नाही. मी हट्टानं कामाटी बागेत रोज तासभर चालायला लागले. दोन आठवड्यांत गुडघा एवढा सुजला की फुलांच्या घड्याळापाशी बाकावर बसून रिक्षा मागवावी लागली. त्यानंतर फिजिओथेरपिस्टनं चालणं बंद करून आधी मांडीचे स्नायू धरले. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा मोजायचे, खाली. भिंतीला धरून टाचा उचलायच्या. बघायला पोरखेळ, पण महिन्यानं जिना हलका वाटला.

आणि पाणी! महापालिकेच्या तरणतलावात मी पोहत नाही, चालते. कमरेएवढ्या पाण्यात शरीराचा भार साधारण निम्माच उरतो, छातीएवढ्या पाण्यात त्याहून कमी. पन्नाशीत पोहण्याचा पोशाख घालायची लाज वाटत असेल तर पूर्ण बाह्यांचे मिळतात. पहिल्या दिवशी मी बदलायच्या खोलीत वीस मिनिटं बसून राहिले होते. मग आतून एक सत्तरीच्या बेन घोट्यापर्यंतचा सूट घालून ‘चालो, चालो’ करत निघाल्या, त्यांच्या मागोमाग गेले. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर पाण्यात उतरायच्या आधी साखर मोजा आणि पिशवीत साखरेची पुडी ठेवा. मधुमेहात तलावाच्या काठावर अनवाणी फिरू नका, तळव्याला काही लागलेलं कळत नाही.

एक किलो वजन उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोंनी कमी होतो. माझे १२ गेले म्हणजे पन्नास किलोंच्या आसपास. या नवरात्रात तीन रात्री गरब्याला गेले, दोन-दोन फेऱ्या घेतल्या आणि घरी येऊन बर्फ लावला.

मधे पाच महिने काटा ७७ वर अडकला होता. खाणं तेच, चालणं तेच. शरीर हलकं झालं की त्याची गरजही कमी होते, त्यामुळे आधी पुरत असलेली काटकसर पुरेनाशी होते. त्या काळात मी वजनाऐवजी कंबर मोजत होते, ती उतरत होती. आणि एचबीए१सी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ८.४ चं ६.७ झालेलं, ते मला वजनापेक्षा मोठं वाटलं. तुमच्या ८६ मधले चार-पाच किलो गेले तरी साखर आणि बीपी हलायला लागेल, तेव्हा ६० चा आकडा भिंतीवर लावू नका. मात्र काही न करता वजन झपाट्यानं उतरायला लागलं, किंवा दोन-तीन दिवसांत दोन किलो चढून पायांवर सूज आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

राहिलं ते साखर आणि वजन उतरवणारं, आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन, सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड. थायरॉइडवाल्यांना चालत नाही, असं तुम्ही ऐकलंय. ती ताकीद थायरॉइडच्या एका विशिष्ट कॅन्सरबद्दल आहे, मेड्युलरी प्रकारच्या. तो तुम्हाला किंवा घरात कुणाला झाला असेल तर नाही घ्यायचं, स्वादुपिंडाला पूर्वी सूज येऊन गेली असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. नुसता थायरॉइड कमी असणं वेगळं, त्यानं ही दारं बंद होत नाहीत. वजन चांगलं उतरतं, मळमळ आणि बद्धकोष्ठता होते, खिसा रिकामा होतो आणि बंद केल्यावर बरंचसं वजन परत येतं. मी घेतलं नाही, पण माझ्या धाकट्या जावेनं घेतलंय आणि ती खूश आहे. तिचीही ग्लिमेपिराइड आधी कमी केली होती.

डॉक्टर पाच मिनिटंसुद्धा देत नाहीत, ही तुमची तक्रार खरी आहे. म्हणून सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या, टेबलावर ओता आणि एकेक उचलून विचारा: हिनं वजन वाढतं का, आणि मी कमी खायला लागले तर हिचा डोस किती? मी केलं तेव्हा डॉक्टर आधी वैतागले, मग चष्मा लावून स्वतःच एकेक पाकीट उलटून बघायला लागले. त्यात दोन गोळ्या एकाच औषधाच्या निघाल्या, वेगवेगळ्या नावांच्या.