कियोस्कवर अंगठा ‘फेल’ झाला, पण खात्यातून 2,000 गेले: आता काय करायचं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. इंदूरच्या मालवा मिलजवळच्या कियोस्कवर, म्हणजे बँकेच्या प्रतिनिधीच्या दुकानात, आधारवरून पैसे काढायला मावशींनी अंगठा लावला, ‘फेल झालं’ ऐकून रिकाम्या हाती परतल्या आणि पासबुकात 2,000 रुपये कमी निघाले, ते कसे मिळवायचे? आणि बटणांच्या फोनवाल्या माणसाचा नियमांनी काही विचार केलाय का?

आधी पैशांचं बघू. पासबुकात आजच एन्ट्री मारून घ्या आणि त्या दिवशीच्या आधार-व्यवहाराच्या ओळी मोजा. अंगठा जुळला नाही तर खात्यातून पैसे कापलेच जात नाहीत. म्हणजे ओळ उमटली असेल तर अंगठा जुळला होता. मग एक तर पैसे कापल्यावर मशीनला उत्तर पोचलं नाही, नाहीतर व्यवहार पूर्ण झाला आणि चालवणाऱ्याने रोकड दिली नाही. पहिल्या प्रकारात व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही न मागता. रिझर्व्ह बँकेचा हा नियम 2019 पासून आहे. ‘पुन्हा लावा’ म्हणत दोनदा अंगठा घेतला असेल आणि ओळीही दोन असतील, तर मात्र लबाडीचा संशय धरा आणि लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

अर्ज कियोस्कवर देऊ नका, खातं असलेल्या शाखेत लेखी द्या. तारीख, अंदाजे वेळ, रक्कम, पावती असेल तर तिच्यावरचा 12 आकडी आरआरएन (व्यवहाराचा संदर्भ क्रमांक), आणि ‘रोकड मिळाली नाही’ हे स्पष्ट वाक्य. प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. ‘कियोस्कवाल्याशी बोला’ हे उत्तर मान्य करायचं नाही: आपल्या प्रतिनिधीने केलेल्या कामाला बँकच जबाबदार असते. कियोस्क दुसऱ्या बँकेचा असला तरी तक्रार पुढे नेणं मावशींच्याच बँकेचं काम. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. फी नाही, साध्या कागदावर रिझर्व्ह बँकेच्या चंदीगडच्या तक्रार केंद्राला पोस्टाने पाठवलं तरी चालतं. माहितीसाठी 14448 वर फोन करा.

आता नियमांचं. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमात बँकेच्या बाजूने लबाडी वा हलगर्जी झाली असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, कळवायला उशीर झाला तरी. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायचं ओझंही बँकेवर. हे चांगलंच आहे. पण तिऱ्हाइताने पैसे काढले तर 3 कामाच्या दिवसांत कळवावं लागतं, आणि ते दिवस बँकेचा निरोप आल्यापासून मोजतात. तो निरोप भाच्याच्या मोबाइलवर गेला तर मावशींना कळणार कसं? अंगठ्याचा वापर बंद ठेवायची, म्हणजे बायोमेट्रिक लॉकची सोय आहे, तिलाही आधारशी जोडलेला मोबाइल लागतो. फोन त्या माणसाच्या स्वतःच्या हातात आहे असं धरून हे नियम लिहिलेत, आणि माझ्या मते खरी उणीव तिथेच आहे.

म्हणून मावशींचा स्वतःचा नंबर, बटणांचा फोन असला तरी, खात्याला आणि आधारला जोडा. एसएमएस साध्या फोनवरही येतो. मध्य प्रदेश सरकारच्या ‘लाडली बहना’ योजनेचा हप्ता येत असेल तर आधारशी कोणतं खातं जोडलंय तेही तपासा. सिम घेताना नकळत उघडलेल्या खात्यात पैसे वळल्याचे प्रकार घडले आहेत.

झिजलेल्या ठशांवर सर्वांत सोपा उपाय म्हणजे रूपे हे एटीएम कार्ड. शून्य शिलकीच्या मूलभूत खात्यावर ते फुकट मिळतं, महिन्याला किमान 4 वेळा पैसे काढणंही मोफत. कार्ड आणि पिन असला की एटीएमवर अंगठ्याची गरजच नाही. पिन मावशींनी स्वतः दाबायचा, दुकानदाराला सांगायचा नाही. अंगठाच लावायचा असेल तर साबणाने हात धुऊन कोरडे करा, मशीनची काच पुसायला सांगा, दुसरी बोटं वापरून बघा. दर वेळी, व्यवहार फेल झाला तरीही, छापील पावती मागा. आणि वर 10-20 रुपये ‘सर्व्हिस’चे मागितले तर देऊ नका, कियोस्कवाल्याला ग्राहकाकडून परस्पर पैसे घ्यायची परवानगी नाही.