माळ, आई-बाबा आणि मेलबर्न: ऐरोलीहून आलेल्या प्रश्नाला उत्तर

तुम्ही विचारलंत: गळ्यात तुळशीची माळ, आई-बाबा सत्तरीचे, लेक चार वर्षांची, बायकोला मेलबर्नला मास्टर्ससाठी प्रवेश मिळालाय. जावं का? तिथे देवधर्म, घरचं वळण टिकतं का?

आम्ही याच वाटेने आलो. मी ठाण्यातल्या नौपाड्याचा. 2019 मध्ये बायकोच्या स्टुडंट व्हिसावर इथे पोचलो. तिचा अभ्यास, माझी नोकरी. एप्रिल 2020 मध्ये कोरोनात नोकरी गेली. तात्पुरत्या व्हिसावाल्यांना सरकारचा बेकारभत्ता नव्हता आणि भाडं दर आठवड्याला भरायचं होतं. काम मिळत होतं ते मांस पॅक करण्याच्या कारखान्यात. दोन रात्री डोळा लागला नाही, मग बाबांना फोन केला. बाबा चाळीस वर्षांचे माळकरी. म्हणाले, "माळ काढून देव्हाऱ्यात ठेव आणि कामाला जा. पोराला उपाशी ठेवून केलेली एकादशी विठोबाला नको असते." सात महिने ते काम केलं. मांसाला तोंड लावलं नाही, पण हाताचा वास जात नसे. देवापुढे हात जोडले की तोच आधी जाणवायचा.

त्या ऑगस्टमध्ये मेलबर्नला रात्री आठनंतर संचारबंदी होती, घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी. मुलाने कणकेत हळद घालून गणपती केला, बादलीत विसर्जन. तिकडे ठाण्यात देवळं बंद. बाबा कोपिनेश्वराला बाहेरूनच हात जोडून परतायचे. त्याच दिवसांत ते फोनवर म्हणाले, "मी गेलो आणि तुला येता आलं नाही, तर ताई अग्नी देईल. काकांनाही सांगून ठेवलंय." मी चिडलो, विषय तोडला.

एप्रिल 2021 च्या शेवटी बाबा गेले. हार्ट अटॅक. त्याच आठवड्यात ऑस्ट्रेलियाने भारतातून येणारी विमानं थांबवली. 3 मेपासून काही दिवस तर भारतातून इथे येणं गुन्हा होता, इथल्या नागरिकांनासुद्धा. मला निघता आलं असतं, बायको-मुलाकडे परतता आलं नसतं. जवाहरबाग स्मशानभूमीत ताईने अग्नी दिला. भावकीतून कोणी एक शब्द काढला नाही, बाबांनी सगळ्यांना आधीच सांगितलं होतं.

त्यानंतर कितीतरी महिने मी दिवा लावला नाही. बायको लावायची, मला कधी टोकलं नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये ठाण्याला आलो, आईला घेऊन पंढरपूरला गेलो, तिथे माळ पुन्हा घातली.

तर जा. लेकीची काळजी सगळ्यात कमी करा. घरात मराठी बोला, आजी-आजोबांशी रोज बोलणं जेवणाइतकं नेमाने होऊ द्या. तीन महिन्यांचं भाडं आणि एका माणसाच्या परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा, काही झालं तरी त्यांना हात लावू नका. बँकेच्या खात्यात आईचं नाव आहे का, विम्याचे कागद तिला सापडतील का, घराची एक किल्ली शेजारी आहे का, हे स्वतः बघा. आमच्याकडे विम्याचे कागद शोधायला ताईला चार दिवस लागले, तेही सुतकात.

आणि तुम्हाला येता आलं नाही तर काय करायचं, हे निघण्याआधी घरी बसून आई-बाबांना विचारा. अभद्र बोलतोयस म्हणतील. तरी विचारा. बाबा बोलायला लागले, तर मी केलं तसं मध्येच थांबवू नका.